मापवही आणि मागचा जिना

टाचणीबाई फार कमी बोलतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्यांना फक्त दुकानात पाहिलेलं असतं. दुकानात त्यांच्या ओठांत सदा चार-पाच टाचण्या धरलेल्या, मग बोलणार कशा? त्यामुळे समोरची बाईच बोलत राहायची आणि या "हं" म्हणायच्या. घरी गेल्यावर मात्र तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. त्यांचा नवरा म्हणायचा, "अगं, दोन टाचण्या घरीही घेऊन येत जा. मला जरा विश्रांती."

दुकान आठ फूट रुंद, बेकरी आणि कुलुपांच्या दुकानाच्या मधे चेपून बसवल्यासारखं. पुढे नवऱ्याचं इस्त्रीचं टेबल, मधे दोन शिलाई मशीन, मागे हिरवा पडदा आणि पडद्यामागे उभा आरसा. बाईंचे वडील गेले तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. शाळा सुटली आणि मावशीच्या हाताखाली सुई धरली. मावशीने पहिली दोन वर्षं नुसती काजं-बटणं करून घेतली. "आधी हात स्थिर कर, मग कात्रीला हात लाव," हा तिचा दंडक. त्या स्थिर हातांवर बाईंनी संसार उभा केला, दोन मुलींना शिकवलं, आणि भागातल्या निम्म्याअधिक बायकांच्या अंगावर त्यांचंच शिवण दिसू लागलं.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती, ती मावशीचीही नव्हती, त्यांची स्वतःची. मापवही. प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान वेगळं. प्रत्येक वेळी नव्याने माप घ्यायचं आणि तारीख, वार घालून लिहायचं. जुन्या मापावर कधी शिवायचं नाही. एकेचाळीस वर्षांत अशा एकोणीस वह्या झाल्या होत्या. आणि वहीचा नियम कडक : एकाचं माप दुसऱ्याला सांगायचं नाही. एकदा एक गृहस्थ बायकोला नकळत कोट शिवून द्यायचा म्हणून तिचं माप विचारायला आले. बाई म्हणाल्या, "कापड ठेवून जा. कोट बरोबर बसेल. माप मी नाही सांगायची." गृहस्थ म्हणाले, "अहो, माझीच बायको आहे." "बायको तुमची, माप तिचं," बाईंनी उत्तर दिलं.

गणिताच्या बाई ह्या त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. जवळच्या शाळेत शिकवायच्या. वय त्रेचाळीस, लग्न केलेलं नव्हतं. थोरल्या भावाबरोबर राहायच्या. हा दादा पाणीखात्यात होता, घरोघर फिरून मीटर वाचायचा. गणिताच्या बाईंची नजर अशी की बाही पाव इंच वर-खाली असली तरी आरशात पाहून सांगायच्या. टाचणीबाईंना अशी गिऱ्हाइकं आवडायची. कामाची कदर करणाऱ्याच्या कटकटीही गोड लागतात.

त्या वर्षी मार्चमध्ये त्या तीन पोशाख आत घ्यायला घेऊन आल्या. जूनमध्ये परत आल्या, ऑगस्टमध्ये पुन्हा. टाचणीबाईंनी तिन्ही वेळा जीव ओतून काम केलं. कुठे उसवलं आणि कुठे शिवलं हे भिंग लावूनही सापडू नये असं. खांदे सरकवले, कळ्या बदलल्या, कंबरेला नवी बेतणी दिली. मुख्याध्यापिका स्वतः दुकानात येऊन म्हणाल्या, "आमच्या गणिताच्या बाई हल्ली किती टापटीप दिसतात हो! तुमचा हात काय सांगावा." टाचणीबाईंनी त्या दिवशी घरी जाऊन ते वाक्य नवऱ्याला तीनदा ऐकवलं.

मग ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी दुपारी सव्वातीनला गणिताच्या बाई दोन मोठ्या पिशव्या घेऊन आल्या. घड्या घातलेले पोशाख आणि वर लोकरी कोट.

"मावशी, हे कुणाला बसत असतील तर देऊन टाका."

टाचणीबाई एका झग्याची किनार मोजत होत्या. टाचण्यांमधून त्या म्हणाल्या, "हं."

"कोटसुद्धा."

"हं" म्हणून झालं आणि मग त्यांची नजर कोटावर पडली. गेल्या वर्षी ह्याच कोटाच्या कॉलरवरून दोघींची दोन आठवडे चर्चा चालली होती. थंडी तोंडावर आलेली, आणि ही बाई कोट देऊन टाकतेय?

त्यांनी ओठांतल्या टाचण्या एकेक काढून छोट्या गादीत खोचल्या. मापवही उघडली. गणिताच्या बाईंच्या पानावर त्या वर्षीचे कंबरेचे आकडे होते : चौतीस, साडेबत्तीस, एकतीस. प्रत्येक आकडा त्यांनीच लिहिला होता, पण एकाखाली एक असा कधी वाचला नव्हता. आणि समोर उभ्या बाईंची कंबर टेप न लावताही तीस इंचांच्या आतली दिसत होती.

त्यांनी तिला पडद्यामागे नेलं.

"बाई, एक विचारते. राग आला तर येऊ दे. जीव नकोसा झालाय का?"

बाहेर इस्त्रीची वाफ फुसफुसली. गणिताच्या बाईंनी मान खाली घातली नाही. वर्गात हजेरी द्यावी तशा म्हणाल्या, "हो."

"कधीपासून?"

"रोज असं वाटायला लागून पंधरा-वीस दिवस झाले. विचारलं कुणी नाही. तुम्हीच पहिल्या."

"काही करायचं ठरवलंयस का?" कधी नव्हे ते टाचणीबाई तिला अगंतुगं करून गेल्या. दोघींनाही ते खटकलं नाही.

"तसं नाही अजून. पण आवराआवर चाललीये."

कापड फाटलं तर काय करायचं ते टाचणीबाईंना झोपेतही आलं असतं; इथे काय करायचं ते ठाऊक नव्हतं. पण माहीत नसलेल्या गोष्टीचं सोंग आणण्याची त्यांना सवय नव्हती.

"हे बघ, मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण कुणाला तरी कळत असेलच ना? ते माणूस मी शोधून काढते. तोवर तू इथून हलायचं नाहीस."

"मावशी, तुमची कामं पडलीत."

"कामं काय, पडलेली बरी. उभी राहिली की माझ्याच अंगावर येतात. बस."

त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "अहो, बाहेर पाटी फिरवा आणि आत येऊन बाईंजवळ बसा." नवरा, म्हणजे सगळ्यांचे काका, चाळीस वर्षांच्या संसारात मुरलेले, का म्हणून विचारलं नाही. इस्त्री बंद केली, बटणांचा डबा घेऊन आले आणि तो टेबलावर ओतला. "बाई, दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची एकीकडे. एवढं गणित जमेल ना?"

गणिताच्या बाईंच्या ओठांचा एक कोपरा जरासा हलला. त्या बटणं निवडू लागल्या.

इकडे टाचणीबाईंनी फोन उचलला. वाचनालयाच्या दारावर मदतीच्या क्रमांकांची एक छापील यादी लावलेली त्यांनी पाहिली होती. ग्रंथपालांना फोन करून ती वाचून घेतली. पहिला क्रमांक लावला.

"ताई, इथे गाद्या मिळतात," पलीकडून उत्तर आलं. "सिंगल पाहिजे का डबल?"

दुसऱ्या क्रमांकावर एक गोड आवाज कार्यालय बंद असल्याचं सांगत होता, आणि मंगळवारच्या दुपारी ते का बंद आहे हे मात्र सांगत नव्हता. तिसरा मोठ्या रुग्णालयाचा. तिथल्या मुलीने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

"तीन आठवडे? अगं, मी काय कोट शिवायला टाकतेय? माणूस माझ्यासमोर बसलंय."

मुलगी आवाज खाली आणून म्हणाली, "जिवाला धोका वाटत असेल तर तडक आमच्या तातडीच्या विभागात आणा. तो चोवीस तास उघडा असतो, तारीख लागत नाही. आणि पाचच्या आत पोचत असाल तर आरोग्य केंद्राच्या मागच्या जिन्याने वर जा. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे समुपदेशक बसतात. जवळ पडेल तुम्हाला."

"यादीत कसं नाही मग?"

"ते मला नका विचारू, काकू. पण त्या असतात, नक्की."

चार वाजून पाच मिनिटं झाली होती. दोघी निघाल्या. टाचणीबाईंनी तिचा दंड धरला होता. आधार देताहेत की पकडून ठेवताहेत ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. आरोग्य केंद्राच्या पहारेकऱ्याने, असलं काही इथे नाही, म्हणून हात झटकले. टाचणीबाईंनी त्याच्याशी वाद घातला नाही, सरळ इमारतीला वळसा घातला. कचऱ्याच्या पेट्यांमागे एक लोखंडी जिना होता. वर दारावर लिहिलं होतं : जुनी कागदपत्रं. मुलींना लसी टोचून घ्यायला त्या ह्याच इमारतीत कितीदा आल्या होत्या. हा जिना मात्र आज पहिल्यांदा पाहत होत्या.

दार उघडलं ते राखाडी स्वेटर घातलेल्या, त्यांच्या मुलीच्या वयाच्या बाईने. हातात अर्धं बिस्किट.

"या ना. तुम्ही कोण यांच्या?"

"मी यांची शिंपीण."

"जवळचं नात्यातलं कुणी?"

"यांची मापं माझ्याकडे आहेत," टाचणीबाई म्हणाल्या. "त्याहून जवळचं आत्ता तरी कुणी दिसत नाही."

समुपदेशक बाई हसल्या नाहीत. त्यांनी बिस्किट बाजूला ठेवलं आणि गणिताच्या बाईंना खुर्ची दिली.

टाचणीबाई जिन्याच्या पायरीवर तासभर बसून होत्या. पाच वाजले, केंद्राचं पुढचं दार बंद झाल्याचा आवाज आला, तरी वरचं दार मिटलेलंच. अखेर समुपदेशक बाई बाहेर आल्या. गणिताच्या बाईंना विचारूनच त्या सांगत होत्या. पुढचे काही दिवस यांना एकटं ठेवायचं नाही. उद्या सकाळी दहाला डॉक्टर भेटतील. मधेच जास्त वाटलं तर वेळ न घालवता रुग्णालयात. आणि भावाला कळायला हवं. त्या तयार आहेत, पण घरी नको म्हणतात, तुमच्या दुकानात चालेल म्हणतात.

"आणि मावशी, तुम्ही सरळ विचारलंत ते उत्तम केलंत. विचारल्याने असला विचार कुणाच्या डोक्यात घुसत नाही. असेल तर त्याला बाहेर पडायला वाट मिळते."

टाचणीबाईंना खूप दिवसांनी कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं.

दादा सहाला आला तो पाणीखात्याच्या गणवेशातच. निरोप ऐकून आधीच तापलेला. गणिताच्या बाई मशीनशेजारी बसल्या होत्या. समुपदेशक बाईंनी कसं सांगायचं ते समजावलं होतं, त्याप्रमाणे त्यांनीच दोन वाक्यांत सगळं सांगितलं. दादाने ऐकलं आणि तो टाचणीबाईंकडे वळला.

"तुम्ही हे काय डोक्यात भरवलंत हिच्या? कपडे शिवायचे सोडून आमच्या घरात कशाला नाक खुपसता?"

"दादा," गणिताच्या बाई म्हणाल्या.

"तू गप्प बस. काय धाड भरलीये हिला? वेळेवर शाळेत जाते, घरी येते. कपडे बघा, कसे अंगाबरोबर आहेत. आजारी माणसाचे कपडे लोंबतात, एवढं मलाही कळतं!"

टाचणीबाईंना ते कुठेतरी आत लागलं. मुख्याध्यापिकांची शाबासकी आठवली. ह्या बाईचं झिजणं तिन्ही वेळा कुणी झाकलं होतं? ज्या कामाचा त्यांनी एवढा तोरा मिरवला, त्याच कामाने घरच्या माणसाच्या डोळ्यांवर पडदा ओढला होता.

त्यांनी मापवही हातात घेतली आणि गणिताच्या बाईंकडे पाहिलं. "दाखवू?"

गणिताच्या बाईंनी मानेनेच हो म्हटलं.

एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ती वही दुसऱ्या माणसापुढे उघडली गेली.

"दादा, तुम्ही आकडे वाचणारे आहात. हे वाचा. अंगाबरोबर आहेत कारण मी ते आत घेत गेले. तुम्हाला दिसलं नाही तो दोष तुमचा एकट्याचा नाही. त्यातला बराचसा माझा आहे."

दादाने सवयीने बोट ठेवलं. आधी तारीख, मग आकडा. पुढची तारीख, पुढचा आकडा. बोट पानाच्या तळाशी आलं तसा त्याचा आवाज उतरला.

"एखाद्या घरचा पाण्याचा वापर असा उतरत गेला ना," तो कुणाकडेच न बघता म्हणाला, "तर आम्ही दार ठोठावतो. आत माणसं आहेत ना, म्हणून विचारतो. नियमच आहे तो." त्याने वही मिटली. "आणि मी रोज हिच्यासमोर बसून जेवतोय."

"मी पानात नुसतं वाढून घ्यायचे, दादा," गणिताच्या बाई म्हणाल्या. "तू पेपर वाचायचास."

काकांनी स्टूल पुढे सरकवलं. दादा बसला. त्याने विचारलं, "उद्या किती वाजता म्हणालीस?"

"दहा."

"मी रजा टाकतो."

इथून पुढे सगळं सरळ झालं असं म्हटलं तर ते खोटं होईल. गणिताच्या बाईंनी शाळेतून दोन महिने सुट्टी घेतली. पहिली औषधं सोसली नाहीत, ती बदलावी लागली. एका शुक्रवारी त्या जिन्यापर्यंत गेल्या आणि तशाच परत फिरल्या. दादा तिथे वाद न घालता उभा राहिला, आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा घेऊन आला. दुपारच्या वेळी त्या दुकानात येऊन बसायच्या. काकांच्या बटणांचे त्यांनी एकवीस डबे लावून दिले, प्रत्येकावर आकार आणि संख्या लिहून. काका म्हणायचे, "आता बटण सापडतं, पण शोधायची मजा गेली." फेब्रुवारीत त्या वर्गात परतल्या. पहिल्या दिवशी फक्त दोन तास घेतले.

टाचणीबाई मात्र त्या गाद्यावाल्याला विसरल्या नाहीत. त्या वाचनालयात गेल्या आणि ग्रंथपालांना म्हणाल्या, यादी चुकलीये, काढा.

"अहो, छापील यादी आहे. वरून आलीये."

"वरून आली म्हणून गाद्यावाला डॉक्टर होत नाही."

मग त्यांनी स्वतःची यादी केली, आणि तिलाही मापवहीचाच नियम लावला : जुन्या मापावर शिवायचं नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, दुकान उघडायच्या आधी, त्या प्रत्येक क्रमांकावर स्वतः फोन करतात. कोण उचलतं, किती वेळाने उचलतं, कुठल्या वारी माणूस असतं, सगळं तारखेनिशी लिहितात. न उचलणाऱ्याला दुसरी संधी, मग काट. जिथे चालत जाता येतं तिथे चालत जाऊन दार पाहून येतात. ही यादी पडद्यामागे आरशाशेजारी लावलेली असते, डोळ्यांच्या उंचीवर. तिथे माणूस एकटं असतं आणि कुणी बघत नसतं. आता ग्रंथपाल दर महिन्याला तीच उतरवून नेतात.

लोखंडी जिन्याशी पाटी नव्हती, ती लावायला केंद्राकडे मंजुरी नव्हती. टाचणीबाईंनी जाड कापडावर ठळक अक्षरं शिवली : मन बरं नसेल तर वर या. मंगळवार, शुक्रवार. कापडाला मंजुरी लागते असं कुठल्या कागदात लिहिलेलं नव्हतं. आज पहारेकरीच लोकांना बोट दाखवून मागे पाठवतो.

आणखी एक बदल झाला. वर्षात दुसऱ्यांदा कुणी कपडा आत घ्यायला आणला की टाचणीबाई ओठांतल्या टाचण्या काढून ठेवतात आणि विचारतात, "बाकी कसं चाललंय?" बहुतेक जणी म्हणतात, "अहो, मुद्दाम वजन उतरवतेय!" आणि दोघी हसतात. एक बाई चिडून दुसऱ्या शिंप्याकडे गेली. पण शेजारचा कुलुपवाला, ज्याने तीस वर्षांत नमस्कारापलीकडे शब्द काढला नव्हता, तो एका दुपारी पँट आत घ्यायला आला आणि पडद्यामागे पाऊण तास बसून राहिला. तो वर गेला का, किती जण गेले, टाचणीबाई कुणालाच सांगत नाहीत. नवऱ्यालाही नाही; आणि त्यांचं घरचं बोलणं ऐकलेल्याला कळेल, ही केवढी गोष्ट आहे.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. मध्यंतरी, परीक्षांचे पेपर तपासून संपल्यावर, गणिताच्या बाई एका जाकिटाचं अस्तर बदलायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "मागच्या मंगळवारी पुन्हा तसं वाटायला लागलं होतं, मावशी."

टाचणीबाईंचा हात मशीनच्या चाकावर थांबला. "मागच्या मंगळवारी? आणि मला आज सांगतेस? दुकान समोर असताना?"

"शाळेतून सरळ तिकडेच गेले. वाटेत दादाला फोन केला, तो खाली येऊन थांबला. औषध थोडं वाढवलंय. आता बरी आहे." मग त्यांनी अस्तराचा नमुना उजेडात धरला. "हा रंग जरा जास्तच निळा नाही का?"

त्या दिवशी घरी टाचणीबाई बराच वेळ गप्प होत्या. काकांना चैन पडेना.

"झालं काय? वाईट वाटलं, तुला सांगितलं नाही म्हणून?"

"वाटलं ना. पाच मिनिटं चांगलंच वाटलं. इतकं केलं आणि मला साधी हाकसुद्धा नाही." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "आणि मग लक्षात आलं, अहो, तिला माझी गरजच पडली नाही. वाट माहीत होती, दार उघडं होतं, आणि ती आपल्या पायांनी चढून गेली."

"मग?"

"मग काय मग? मी आयुष्यात कोट शिवले, झगे शिवले, मुख्याध्यापिकांची शाबासकी घेतली," टाचणीबाई म्हणाल्या, आणि त्यांची मान अशी ताठ झाली की काका बघतच राहिले. "पण इतकं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं."